चावीचे घड्याळ

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "चावीचे मनगटी घड्याळ" असे उत्तर दिले, आणि ते क्षणभर गप्प झाले. युनियनचा माणूस बोलवायचा म्हणजे किमान वेतन, कंत्राटी कामगार किंवा बोनस यांपैकी काहीतरी येणार, अशी त्यांची समजूत असावी. "तुमचा आणि घड्याळाचा काय संबंध?" असे त्यांनी विचारलेच. आम्ही म्हणालो, "कामगार बाजारात विकतो काय? आपला वेळ. वाण्याकडे साखर घेताना आपण तराजूकडे पाहतो. मग स्वतःचा वेळ विकताना माप कोणाचे आहे, हे पाहायला नको?"

मित्रहो, आमचे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या गेटवर, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि वाचनालयात. तेव्हा यंत्रशास्त्राचा पंडित म्हणून आम्ही बोलत नाही. मांजर्लीत राहणारा, उल्हास नदीचे पाणी घरात घेतलेला आणि वडिलांचे एक घड्याळ स्वतःच्या मूर्खपणाने निम्मे घालवून बसलेला माणूस म्हणून बोलतो आहोत.

आज वेळ पाहण्यासाठी घड्याळ लागत नाही, हे आम्हांला मान्य आहे. खिशातला मोबाइल सेकंदाला बरोबर असतो. तरीही जुनी चावीची घड्याळे पुन्हा मनगटावर दिसू लागली आहेत, आणि ती बांधणारे पुष्कळसे पंचविशी-तिशीतले तरुण आहेत. कोणाला ती शोभा म्हणून हवी असतात, कोणाला आजोबांची आठवण म्हणून. दोन्ही कारणे चांगली आहेत. पण हौस एक आणि सांभाळणे दुसरे. म्हणून ही वस्तू आपल्याकडे कशी आली, ती चालते कशी, आणि ती चालू ठेवायची तर काय करावे लागते, एवढे आम्ही सांगणार आहोत.

आधी वेळेच्या मालकीविषयी थोडेसे. मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीला सूर्य हेच घड्याळ होते. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. आठवड्याची रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर १८९० साली मिळाली. पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याचा तो एक अडसरही गेला. तेरा-चौदा तास काम चालू लागले. त्यात १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावली. ही वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. कागदावर ही नुसती सुधारणा दिसते. पण गिरणीचा भोंगा नव्या वेळेने वाजणार म्हणजे कामगाराला ३९ मिनिटे आधी, अंधारात घर सोडावे लागणार. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी याविरुद्ध काम बंद पाडले. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नाही. घड्याळाचा काटा सरकवणे हा पगाराइतकाच भांडणाचा विषय असतो, हे आमच्या आजोबांच्या पिढीला आमच्यापेक्षा चांगले कळत होते.

आम्हांला ते कळले १९९० नंतरच्या दशकात. आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) गेटवरचे घड्याळ सकाळी चार मिनिटे पुढे असे आणि संध्याकाळी, काय चमत्कार, ते बरोबर झालेले असे. सकाळी 'लेट मार्क' पडायचे. तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापला जायचा. तोंडी तक्रार केली तर टाइमकीपर म्हणायचा, तुमचेच घड्याळ मागे आहे. तेव्हा आमच्या बाबांनी आपल्या हातातले एचएमटीचे 'जनता' काढून आम्हांला दिले. आम्ही तिघांनी तीन घड्याळे रोज पहाटे आकाशवाणीच्या ठोक्यांवर लावली, आणि पंधरा दिवस गेटवरची वेळ व आपली वेळ वहीत शेजारी शेजारी लिहिली. खाली रोज पाच-पाच कामगारांच्या सह्या घेतल्या. चार मिनिटे म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. तीनशे कामगार, वर्षाचे तीनशे दिवस: हिशेब सहा हजार तासांवर जातो. आठ तासांची पाळी धरली तर साडेसातशे दिवसांची फुकट मजुरी. वही टेबलावर ठेवल्यावर व्यवस्थापनाने वाद घातला नाही. गेटवरचे घड्याळ दुसऱ्या दिवशी भिंतीवरून उतरले. तेव्हापासून आम्ही मनगटावरच्या घड्याळाला साक्षीदार मानतो. साक्षीदार प्रामाणिक हवा, आणि प्रामाणिक राहायचा तर त्याची निगा हवी.

हे 'जनता' आमच्या घरात कसे आले तेही सांगण्यासारखे आहे. त्याआधीच्या काळात चांगले घड्याळ म्हणजे विलायती घड्याळ. फावर-ल्युबा ही स्विस पेढी एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत धंदा करीत होती. वेस्ट एंड कंपनीचे दुकानही मुंबईतलेच. तिची 'सोवार' घड्याळे पहिल्या महायुद्धात हिंदी शिपायांच्या हातावर गेली आणि मग त्यांच्याबरोबर गावोगाव पोचली. कोकणात आणि घाटावर लष्करातून परतलेल्या माणसांच्या घरी ती अजून सापडतात. पण कारखान्यातल्या मजुराला ती परवडत नसत. हातात घड्याळ असलेला माणूस म्हणजे मास्तर, हेडक्लार्क किंवा मुकादम.

हिंदुस्थान मशीन टूल्स ही १९५३ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी मुळात लेथ आणि मिलिंगची यंत्रे करणारी. तिने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ मध्ये बंगळूरला मनगटी घड्याळे करायला सुरुवात केली. हजार किलोचा लेथ करणाऱ्या हातांनी केसाएवढी कमान करायची, हा पल्ला लहान नव्हता. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावे घरोघर गेली. काही तबकड्यांवर नाव आणि आकडे देवनागरीत असत; आज अशा तबकडीचे घड्याळ मिळाले तर हौशी मंडळी त्यासाठी जास्त पैसे मोजतात. मागणी एवढी की पुष्कळांना नंबर लावून थांबावे लागे.

बाबा अंबरनाथला कामाला होते. आणीबाणीत, १९७५ साली, किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला होता. १९७७ मध्ये सरकार बदलले आणि ८.३३ टक्के परत मिळाले. त्या दिवाळीच्या बोनसातून बाबांनी घड्याळ घेतले. सरकारही जनता आणि घड्याळही जनता, असा विनोद ते पुढे कित्येक वर्षे करीत. घड्याळाचे नाव त्या सरकारपेक्षा पुष्कळ जुने, आणि टिकलेही पुष्कळ जास्त.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने स्फटिकावर चालणारे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. सेलवर चालणारे, चावी न लागणारे आणि महिन्यालाही काही सेकंदच चुकणारे. स्वित्झर्लंडात १९७० च्या सुमारास घड्याळाच्या धंद्यात सुमारे नव्वद हजार माणसे होती. पंधरा-सोळा वर्षांत ती तीस-पस्तीस हजारांवर आली. आपल्याकडे १९८४ मध्ये टायटन स्थापन झाली आणि तिने क्वार्ट्झवरच भर दिला. एचएमटीला हा बदल वेळेवर पेलला नाही. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली आणि उरलेल्या कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देऊ केली. 'स्वेच्छा' या शब्दावर आम्ही एक वेगळे व्याख्यान देऊ शकतो, आज नको. पण ज्या दिवशी कारखाना बंद झाल्याची बातमी आली त्या दिवसापासून जुन्या एचएमटीच्या किमती वाढल्या, हे मात्र आम्ही डोळ्यांनी पाहिले. कामगार जिवंत असताना माल स्वस्त, आणि कारखाना मेल्यावर माल दुर्मिळ!

आता घड्याळाच्या पोटात शिरू. चावी पिळली की एका लहान डब्यात गुंडाळलेली पोलादी कमान आवळली जाते. ती उलगडू पाहते आणि चाकांची रांग फिरवते. तिला मोकळे सोडले तर सगळी शक्ती काही क्षणांत संपेल. म्हणून रांगेच्या शेवटी एक पहारेकरी असतो: दोन खड्यांचा लहानसा आकडा, जो एका वेळी चाकाचा एकच दात पुढे सोडतो. त्याला हुकूम देते ते बॅलन्सचे चाक. केसासारख्या बारीक बालकमानीच्या जोरावर ते मागे-पुढे झुलते. आपण ऐकतो ती टिकटिक म्हणजे या पहारेकऱ्याने दात अडवल्याचा आवाज. 'जनता'सारख्या घड्याळात हे सेकंदाला पाच वेळा होते. म्हणजे तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००, आणि वर्षाला पंधरा कोटींच्यावर. वर्षभर एकही सुट्टी न घेता! 'सतरा ज्युवेल' असे तबकडीवर असते ते खडे म्हणजे कारखान्यात केलेले कृत्रिम माणिक. चाकांचे आस त्यांत फिरतात म्हणून झिजत नाहीत. त्यांना सोनाराकडे काडीची किंमत नाही, पण घड्याळाचे आयुष्य त्यांच्यावर आहे.

असे घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट पुढे-मागे गेले तर लोक "खराब आहे" म्हणतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. तीस सेकंदांची चूक म्हणजे २,८८० मध्ये एक. आमच्या मशीन शॉपमधल्या मित्रांना विचारा, २,८८० नगांत एकच नग नापास निघाला तर फोरमन त्यांच्या पाठीवर थाप मारील की नाही.

सांभाळण्यातली पहिली गोष्ट चावी. रोज एका ठराविक वेळी द्यावी, शक्यतो सकाळी, घड्याळ हातातून काढून. पंचवीस-तीस वळसे झाले की बोटाला अडथळा लागतो, तेथे थांबावे. "जास्त चावी बसली म्हणून घड्याळ बंद पडले" असे घरोघर म्हणतात. अडथळा लागल्यावरही दांडगाईने पिळले तर गोष्ट वेगळी. एरवी हा आरोप खोटा असतो. पूर्ण चावी दिलेले घड्याळ चालत नसेल तर बहुधा आतले तेल सुकून चिकट झालेले असते. कमानीत जोर आहे, पण चाकांना वाट नाही. दोष तेलाचा असतो आणि शिक्षा चावी देणाऱ्या पोराला होते.

तेलपाणी, म्हणजे सर्व्हिसिंग, रोज वापरात असलेल्या घड्याळाला साधारण तीन ते पाच वर्षांनी हवे. सर्व्हिसिंग याचा अर्थ प्रत्येक भाग सुटा करणे, धुणे, तपासणे, आणि ठिकाणाप्रमाणे पातळ-जाड तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब देणे. मागचे झाकण उघडून पिचकारीने तेल मारणारे महाभाग आहेत. तसे केले की घड्याळ महिनाभर छान चालते. मग ते तेल पसरून बालकमानीचे वेढे एकमेकांना चिकटवते आणि घड्याळ तासाला कित्येक मिनिटे पळू लागते. घड्याळ बंद पडेपर्यंत वाट पाहू नये, हेही लक्षात ठेवा. तेलाशिवाय चालणारे यंत्र स्वतःचाच आस खाते.

चुंबक हा नव्या काळातला शत्रू. मोबाइलच्या झाकणात, पर्सच्या बटणात, स्पीकरमध्ये तो असतो; कारखान्यात मॅग्नेटिक चक आणि वेल्डिंगचे सेट असतात. घड्याळ एकाएकी पुष्कळ पुढे जाऊ लागले तर त्याच्यावर होकायंत्र धरून पाहा. सुई नाचली तर चुंबक लागले आहे. घड्याळजीकडे ते उतरवण्याचे लहानसे यंत्र असते. दोन मिनिटांचे काम.

आणि पाणी. जुन्या घड्याळाच्या पाठीवर 'वॉटरप्रूफ' कोरलेले असले तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आतले रबरी कडे चाळीस वर्षांत कडक होऊन तडकलेले असते. पावसाळ्यात घड्याळ घरी ठेवणे उत्तम. ज्यांना घामाच्या दिवसांत वापरायचे आहे त्यांनी रात्री मऊ फडक्याने पुसून ठेवावे. पुष्कळ साध्या घड्याळांचे मागचे झाकण स्टीलचे, पण वरचे अंग क्रोम चढवलेल्या पितळेचे असते आणि घाम ते हळूहळू पोखरतो. काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी घड्याळजीकडे जावे. तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरून ठेवण्याचा उपाय अनेकजण सांगतात. तांदूळ वाट पाहील, गंज पाहत नाही.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाली हे सर्वांना आठवते; त्या दिवशी उल्हास नदीने बदलापूरचे काय केले ते आपल्याला माहीत आहे. आमच्या घरात छातीएवढे पाणी होते. बाबांचे घड्याळ लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, कागदपत्रांच्या पिशवीत होते. तिसऱ्या दिवशी चिखलातून ते निघाले तेव्हा सहा वाजून काही मिनिटांवर थांबलेले होते. स्टेशनजवळ बसणाऱ्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे आम्ही ते नेले. त्यांचे स्वतःचे दुकानही भिजलेले होते. त्यांनी बाकी सगळे बाजूला ठेवून त्याच दुपारी घड्याळ सोडवले, भाग धुतले, दोन गंजलेले बदलले. आठवड्याने घड्याळ चालू झाले. तबकडीवर मात्र आठच्या आकड्याशी चहाच्या रंगाचा एक डाग राहिला. काका म्हणाले, "डागाला हात लावू नका, भाऊ. ह्याच्याखाली कंपनीचा छाप आहे. तो एकदा गेला की गेला."

आम्ही ऐकले नाही. दोन-तीन वर्षांनी बाबांचा अमृतमहोत्सव आला. त्यांचे घड्याळ नव्यासारखे करून द्यावे, असे आमच्या मनात आले. मुंबईतल्या एका दुकानाने "एकदम कंपनीसारखे करून देतो" म्हटले आणि आम्ही ते त्यांच्या हवाली केले. परत मिळाले ते लखलखीत होते. तबकडी पांढरी शुभ्र, अक्षरे काळीभोर, काटे नवे, काच नवी. घरच्यांनी वाहवा केली. बाबांनी ते हातात घेतले, पाहिले नाही, आधी कानाशी धरले. मग म्हणाले, "ह्याचा आवाज निराळा आहे." आम्हांला वाटले म्हातारपण आहे. स्टेशनजवळच्या काकांकडे नेऊन उघडून पाहिले तेव्हा कळले: आतले बॅलन्स, पहारेकरी आणि कमान काढून दुसऱ्या एखाद्या थकल्या घड्याळाचे घातले होते. तबकडी खरवडून पुन्हा रंगवली होती. दुकानदाराने हात झटकले. आमच्याकडे ना आधीचे छायाचित्र, ना भागांची यादी, ना धड पावती. गेटवरच्या चार मिनिटांसाठी पंधरा दिवस सह्या घेणाऱ्या माणसाने बापाचे घड्याळ तोंडी बोलीवर दिले होते! बाबांनी आम्हांला एक शब्द बोलून दाखवला नाही. ते घड्याळ त्यांनी नंतर बांधलेही नाही. २०१३ मध्ये ते गेले तेव्हा मनगट रिकामेच होते.

हा प्रकार एकट्यादुकट्याचा नाही. जुन्या घड्याळांच्या तबकड्या खरवडून, रंगवून, मनाला येतील त्या रंगांत छापून विकण्याचा धंदा मुंबईत इतका वाढला आहे की परदेशचे हौशी लोक अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचे नाव असल्या कामासाठी जगात जावे, याचे आम्हांला वाईट वाटते. तरीही रंग देणारा कारागीर आम्ही दोषी धरत नाही. तोही नगावर मजुरी घेतो, आणि रंगवलेले आहे असे सांगून विकले तर त्यात लबाडी नाही. लबाडी आहे ती 'अस्सल, जसेच्या तसे' म्हणून विकण्यात.

तेव्हा चोरबाजारात किंवा आणखी कुठे जुने घड्याळ घ्यायला जाल तेव्हा भिंग जवळ ठेवा. कंपनीच्या छापील अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात. रंगवलेल्या तबकडीवर त्या फुटतात, मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नाहीत, तळाची बारीक अक्षरे वाकडी किंवा गायब असतात. चाळीस-पन्नास वर्षांचे घड्याळ आणि तबकडी दुधासारखी पांढरी, असे असेल तर आनंदण्याआधी शंका घ्या. विक्रेत्याला मागचे झाकण उघडायला सांगा. तो कां-कूं करू लागला तर नमस्कार करून पुढच्या दुकानी जा. आत कंपनीचे नाव, गंज, आणि ओरबाडलेले स्क्रू पाहा. स्क्रूची डोकी घड्याळाला कसल्या हातांनी हाताळले ते सांगतात. डाग असलेली खरी तबकडी रंगवलेल्या सुंदर तबकडीपेक्षा केव्हाही घ्यावी.

एक धोक्याची सूचना फार जुन्या विलायती, विशेषतः लष्करी घड्याळांबद्दल. अंधारात दिसावे म्हणून त्यांच्या काट्यांना आणि आकड्यांना रेडियमचा रंग देत. १९२० च्या आसपास अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी हा रंग देणाऱ्या मुलींना कुंचल्याचे टोक ओठांनी सारखे करायला शिकवलेले होते. रंग निरुपद्रवी आहे, असे त्यांना सांगितले जाई. त्यांच्या जबड्याची हाडे कुजली, कित्येक मेल्या. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणींनी कंपनीवर दावा लावला. १९२८ मध्ये तडजोड झाली. कामामुळे होणाऱ्या रोगाची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व रुजवणाऱ्या खटल्यांत त्याची गणना होते. रेडियम निम्मे व्हायला सुमारे सोळाशे वर्षे लागतात. त्या घड्याळांची चमक गेली असेल, पण रेडियम आहे तसेच आहे. असे घड्याळ बंद स्थितीत ठेवावे. काच काढून आतला रंग खरवडू नये, त्याची पूड फुंकू नये, आणि घड्याळजीला आधी सांगावे. तोही कामगारच आहे.

त्या घड्याळजीविषयी थोडे बोलायचे आहे. सहा-सात हजार रुपयांना जुने घड्याळ हौसेने घेणारा मनुष्य सर्व्हिसिंगच्या सहाशे रुपयांवर घासाघीस करतो, हे आम्ही त्या टेबलाशी बसून अनेकदा पाहिले आहे. काम किती? घड्याळ सोडवणे, धुणे, जोडणे, तेल देणे, मग दोन-तीन दिवस निरनिराळ्या बाजूंनी ठेवून चाल तपासणे. डोळ्याला भिंग लावून अर्धा दिवस मान मोडायची. सहाशेला अर्ध्या दिवसाने आणि भागांच्या खर्चाने भागून पाहा. आम्ही ज्या मजुरीसाठी गेटवर घोषणा देतो तीच मजुरी रस्त्याच्या कडेला बसलेल्या कारागिराला द्यायची वेळ आली की आपले हात आखडतात. त्या काकांच्या मुलाने हा धंदा धरला नाही. तो मोबाइल दुरुस्त करतो आणि बापाच्या चौपट कमावतो. त्याचे चुकले असे म्हणायची आमची हिंमत नाही.

काका आता नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेला एकजण कल्याणला बसतो, त्याच्याकडे आम्ही जातो. बाबांच्या घड्याळासाठी आम्ही आणखी एक बंद पडलेले 'जनता' विकत घेतले आणि त्याचे बॅलन्स व कमान यात बसवली. आता घड्याळ दिवसाला वीस सेकंद पुढे जाते. तबकडी मात्र तीच, रंगवलेली. आठपाशी डाग नाही. आवाज बाबांनी ऐकलेला आहे की नाही, हे विचारायला कोणी उरले नाही.

परंतु मागचे झाकण जुने आहे. ते बदलण्याचे त्या दुकानाला सुचले नसावे. चांगले घड्याळजी काम झाले की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण आणि तारीख ओरखडतात. बाबांच्या झाकणात अशा सहा खुणा आहेत. पहिली १९८२ ची, पाचवी ऑगस्ट २००५ ची, काकांच्या हातची. सहावी कल्याणच्या पोराने गेल्या वर्षी घातली आणि झाकण लावण्याआधी आम्हांला दाखवली. पावतीवर त्याने प्रत्येक भाग लिहून दिला, आणि मागितले तेवढे पैसे आम्ही दिले.